मधल्या ‘ट’चं क्रियापद

जिम्बोचो, तोक्यो
४ ऑक्टोबर १९७८

कुवाता बाई, नमस्कार.

पत्राची सुरुवात ऋतूच्या वर्णनाने करावी असं आमच्या कंपनीने छापलेल्या पत्रलेखनाच्या पुस्तकात लिहिलंय. पण शाळेत तुम्ही ‘वारा गार सुटला होता’ या वाक्यावर लाल रेघ मारून ‘मग?’ असं लिहायचात, ते आठवून वारा गाळतो.

तुमचं ‘इंग्रजी बोलताना’चं हस्तलिखित कुरिहारासाहेबांनी वाचलं. मजकूर आवडला. पण पेन्सिल टेबलावर आपटून म्हणाले, “तोगाशी, या तुझ्या बाई एकाच गोष्टीला इतकी क्रियापदं का वापरतात? एका पानावर ध्वनी मुरतात, दुसऱ्यावर सरकतात, तिसऱ्यावर एकमेकांकडे बघून तोंड बदलतात! ध्वनी जोडले जातात, संपलं. मुलांनी परीक्षेत काय लिहायचं?”

त्यांना सगळीकडे ‘जोडले जातात’ हवंय. ते जमणार नसेल तर हस्तलिखित प्राध्यापक उसामींकडे द्यावं, ते नव्याने लिहितील, आणि तुमचं नाव आत कुठेतरी ‘साहाय्य’ म्हणून येईल, असंही बोलले. मी गप्प बसलो याची लाज वाटते. निदान तुमची बाजू तरी त्यांच्यापुढे ठेवू द्या. दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही.

तुमचा विद्यार्थी,
तोगाशी कोइची


साकाता
१२ ऑक्टोबर १९७८

तोगाशी,

फोन करू नकोस. मी बहुतेक परसात असते, लोणच्याचे मुळे वाळत घालायचे दिवस आहेत. लिहीत जा. तुझं अक्षर सुधारलंय, ते तरी बघायला मिळतं.

आता तुझ्या साहेबांना सांग. ‘अ‍ॅन अ‍ॅपल’ म्हणताना ‘न’ पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतो, तिथे त्यांनी खुशाल ‘जोडला’ म्हणावं. पण ‘डिड यू’ भरभर म्हणून बघा म्हणावं. तिथे ‘ड’ राहत नाही आणि ‘य’ही राहत नाही, ‘डिजू’ होतं. दोघे रस्त्यात भेटले आणि घरी तिसराच आला, याला जोडणं म्हणतात का? ‘टेन बॉइज’मधला ‘न’ तर ‘ब’ येताना बघूनच ओठ मिटून घेतो आणि ‘म’ होऊन बसतो. तो जोडला गेलेला नाही, तो दबकलाय. मोठा माणूस समोरून येताना आपण चालता चालता वाकतो, तसा.

तुझी आई मोहरीत वांगी मुरवते. तिला जाऊन म्हण, “आई, या वर्षी वांगी मोहरीत फार छान जोडली गेलीत.” बरणी डोक्यात घालेल.

मुलं गोंधळतात ती क्रियापदं जास्त झाल्यामुळे नाही. खोटं क्रियापद दिलं की गोंधळतात. आपल्या शोनाई भागातल्या पोरांना मी कायम सांगायचे, तुम्ही थंडीने तोंड अर्धंच उघडता, शब्द एकमेकांत कालवता, तोक्योवाले हसतात. हसू देत. इंग्रजही तेच करतो, फक्त त्याला कुणी हसत नाही. तू ती बोली तिकडे लपवतोस हे मला माहीत आहे. नको लपवूस.

एकही क्रियापद बदलणार नाही. पुस्तक उसामींनी लिहायचं असेल तर त्यांनी त्यांचं लिहावं.

कुवाता मिसाओ


जिम्बोचो
१६ डिसेंबर १९७८

कुवाता बाई,

तुमचं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. वांग्यांपाशी हसले, आणि आमच्याकडे साहेब हसले की निम्मं काम झालं. शेवटी म्हणाले, “ठीक. राहू देत बाईंची क्रियापदं. पण मग पुस्तकाबरोबर कॅसेट हवी. पानावर ‘दबकतो’ लिहिलंय, तर टेपवर तो दबकलेला ऐकू आला पाहिजे. आणि तो आलाय की नाही हे बाईंनीच ऐकून ठरवायचं. त्यांच्या कानावर सगळं पुस्तक उभं आहे.”

बाई, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! नमुन्याची टेप याबरोबर पाठवतोय. एका इंग्रज गृहस्थाकडून दोन धडे वाचून घेतलेत. तुम्ही ऐकून होकार दिलात की मार्चमध्ये स्टुडिओत खरं काम. काही खटकलं तर निःसंकोच लिहा.

वर्षअखेरीच्या मेजवान्या सुरू आहेत, त्यामुळे डोकं जरा जड आहे. अक्षराला क्षमा असावी.

तोगाशी


साकाता
२४ डिसेंबर १९७८

तोगाशी,

टेप मिळाली. फार चांगली झाली आहे. वाचणाऱ्याच्या आवाजाला वजन आहे. ठेका कळावा म्हणून मधूनमधून टाळ्या घातल्यात ती कल्पना तर सुरेख, माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. एकच सूचना. शेवटाकडे गृहस्थ जरा घाई करतात. त्यांना दमाने घ्यायला सांग.

माझा होकार समज. इथे बर्फ गुडघ्याला लागलंय, कॉड माशाचं कालवण उकळतंय. नव्या वर्षात तब्येत सांभाळ आणि कमी पी.

कुवाता मिसाओ


जिम्बोचो
८ जानेवारी १९७९

कुवाता बाई,

कुठल्या तोंडाने लिहू कळत नाही.

सुट्टीनंतर ऑफिस उघडलं, कपाट आवरलं, आणि इंग्रज गृहस्थाची टेप माझ्याच कपाटात निघाली. तुम्हाला गेली ती आमच्या वर्षअखेरीच्या मेजवानीची. त्यावर कुरिहारासाहेब कोळ्यांचं गाणं म्हणताहेत आणि सगळी कंपनी टाळ्या वाजवतेय!

आणि तुम्ही रागाचा एक शब्द काढला नाहीत. ‘आवाजाला वजन’, ‘टाळ्यांची कल्पना सुरेख’, ‘शेवटाकडे घाई’. वाचताना माझे कान तापले. साहेबांना दाखवणं भाग होतं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “उभ्या जन्मात इतका सभ्य जोडा खाल्ला नाही. शेवटाकडे मी घाई केली हे खरंच आहे, मला ओकारी येत होती.” आता येईल-जाईल त्याला ते हे पत्र वाचून दाखवतात आणि तुमच्याबद्दल फार आदराने बोलतात.

मी जमिनीला डोकं टेकून माफी मागतो. खरी टेप सोबत आहे. या वेळी पेटीत घालायच्या आधी दोघांनी ऐकली. सवडीने ऐकून, बाई, यातलं बरोबर काय आणि चूक काय ते कळवा. टोमणे मारलेत तरी चालतील, माझी पात्रता तेवढीच आहे.

तोगाशी


साकाता
१३ जानेवारी १९७९

सुमिए,

हे वाचलंस की शेगडीत घाल.

माझे कान गेले. उजवा गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात गेला, डावा आता त्याच्या मागून निघालाय. समोरचं माणूस ओळखीचं असेल तर ओठांवरून भागतं. फोनला ओठ नसतात, म्हणून मी परसात असते.

तोक्योच्या त्या मुलाने टेप पाठवली. मी टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. थरथर लागली, मधे ठोके लागले, शेवटी थरथर भरभर झाली. त्यावरून मी ऐटीत अभिप्राय लिहिला. ते निघालं दारू प्यायलेल्या साहेबाचं गाणं! आणि गंमत अशी की त्या दोघांना वाटतंय मी टोमणा मारला. माझ्या हुशारीचं कौतुक चाललंय. मी ‘हो, टोमणाच होता’ एवढं लिहिलं की सुटले.

पण खरी टेपही आली आहे. तिच्यावर हात ठेवून बसले होते. तीही थरथरते. डोळे मिटून होकार दिला, तर वाचणाऱ्याची चूक देशभरातल्या पोरांच्या तोंडी बसेल आणि पुस्तकावर नाव माझं असेल. खरं सांगितलं तर पुस्तक उसामी नावाच्या प्राध्यापकाकडे जाईल आणि माझं एकूण एक क्रियापद खोडलं जाईल. आयुष्यभर शाळेत मी दुसरं काही केलं नाही गं, एवढंच केलं. हे पुस्तक गेलं तर माझ्यामागे काय राहतं?

त्या मुलाला लिहायला बसले. कागदावर ते वाक्य काही उतरत नाही.

मिसाओ


नीगाता
२० जानेवारी १९७९

ताई,

पत्र शेगडीत घातलं नाही, तोफूच्या कढईखाली घातलं. तेवढंच जळण वाचलं.

अगं, तू बहिरी झालीस हे मला उन्हाळ्यात, पितरांच्या बॉन सणालाच कळलं होतं. माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक विनोदाला तू हसलीस. ज्याला ऐकू येतं ते माणूस त्या विनोदांना हसत नाही. हे मात्र त्या दिवसापासून खूश आहेत, “मिसाओताईंना विनोदाची जाण आहे” म्हणून गल्लीभर सांगत फिरतात.

मी तेव्हा बोलले नाही. वाटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील. तुला वाटलं, सुमिएला त्रास नको. आपल्या घराची रीतच ही. बाबांच्या पोटात गाठ होती तेव्हा आईला माहीत होतं, तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि शेवटी कळलं की बाबांनाही माहीत होतं. चौघांनी एकमेकांना सांभाळत ताटावर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मला अजून राग येतो. शेवटचे तीन महिने मी माझ्या बापाशी हवेबद्दल बोलले.

त्या मुलाला लिही. पुस्तक गेलं तर गेलं, मी तुला तोफू विकायला बसवते, तिथे कानाचं काही काम नाही. तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन. माझं अक्षर आणि माझी भाषा तुला ठाऊक आहे.

सुमिए


साकाता
२९ जानेवारी १९७९

तोगाशी,

पहिल्या टेपवर काय होतं ते मला तुझ्या पत्रातून कळलं. तो टोमणा नव्हता. मी जे लिहिलं ते मनापासून लिहिलं होतं. यावरून जे समजायचं ते समज.

दुसऱ्या टेपबद्दल मी काही सांगू शकत नाही. परत पाठवते आहे. पुस्तक प्राध्यापक उसामींकडे द्यावं. कुरिहारासाहेबांची दिशाभूल झाली, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते.

कुवाता मिसाओ


जिम्बोचो
९ फेब्रुवारी १९७९

बाई,

तुमचं पत्र खिशात घालून संध्याकाळी नदीपर्यंत चालत गेलो. तुम्ही फोन उचलत नव्हतात आणि मी मनात म्हणायचो, म्हातारपणी बाई विक्षिप्त झाल्या. फार वाईट वाटलं. तुम्ही एकट्याने एवढं सोसत होतात आणि मी तुमच्या टोमण्याचं कौतुक करत होतो.

साहेबांना सांगितलं. सांगू नये असंही एकदा वाटलं, पण मग हवापाण्याच्या गप्पाच मारत बसलो असतो. साहेब म्हणाले, “टेप उसामींनी ऐकावी. क्रियापदांचं मात्र मला आता सांगता येत नाही. ज्या बाईला ऐकू… अशा अवस्थेत लिहिलेलं पुस्तक शाळांना कसं विकायचं?” प्राध्यापकांना हस्तलिखित दिलंय. त्यांनी पुष्कळ ठिकाणी प्रश्नचिन्हं केलीत. एकाच जागी पूर्ण सहमती आहे. ‘लास्ट मंथ’ म्हणताना मधला ट नाहीसा होतो, तिथे त्यांनी मोठी खूण करून ‘उत्तम’ लिहिलंय. बाकीचं स्टुडिओत ठरेल.

मी रात्रभर ते हस्तलिखित चाळत होतो. दाबतो, सरकतो, मिटतो, दबकतो, चिकटतो, मुरतो. बाई, यातलं एकही क्रियापद कानाचं नाही! सगळी तोंडाची आहेत, नाहीतर हाताची. सकाळी लोकलमध्ये हनुवटीखाली बोट लावून ‘टेन बॉइज, टेन बॉइज’ म्हणत उभा होतो. शेजारचे गृहस्थ दुसऱ्या डब्यात गेले.

म्हणून माझी एक विनंती आहे. सोळा मार्चला ध्वनिमुद्रण आहे. मिसेस प्रॅट म्हणून एक इंग्रज बाई वाचणार आहेत. आम्ही सगळे काचेबाहेर असू. तुमची खुर्ची मी आत ठेवणार आहे, त्यांच्या समोर, हात पोचेल इतक्या अंतरावर. त्यांना विचारलंय, त्या तयार आहेत. या. नाही आलात तर पुस्तक गेलंच. आलात तर काय होईल ते मला माहीत नाही.

कोइची


साकाता
२१ मार्च १९७९

तोगाशी,

काल घरी पोचले. सुमिए नीगाताला उतरली. उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरून खिडकीत तोंड घालून एकेक शब्द चघळत बोलत होती, सगळा डबा बघत होता. काय बोलली ते तुला कळायला नको.

तू काचेबाहेर होतास, म्हणून आत काय झालं ते लिहिते.

मिसेस प्रॅट अंगाने थोराड, स्वेटरच्या बाहीत रुमाल खोचलेली. तू तिला काय सांगून ठेवलं होतंस कोण जाणे. मी बसले तशी तिने गळ्याचा स्कार्फ सोडला आणि हनुवटी वर केली, दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखी. माझे हात गार पडले होते. तिने ते दोन्ही हातांत धरून चोळले आणि मग स्वतःच गळ्याशी नेऊन ठेवले. परक्या बाईच्या गळ्याला हात लावायचा!

ती वाचायला लागली आणि लाज कुठल्या कुठे गेली. ‘टेन बॉइज’ला ओठ आधीच मिटले, मला अंगठ्याला कळलं. ‘डिड यू’ला जीभ पसरली आणि मागे ओढली गेली. सगळं जिथल्या तिथे होतं. मी तुला काचेतून मान हलवून दाखवत होते, तू वेड्यासारखा हसत होतास.

मग ‘लास्ट मंथ’ आलं. मी तिला थांबवलं ते तुम्हाला चूक सापडली असं वाटलं ना? चूक तिची नव्हती. मी पुन्हा म्हणायला सांगितलं. सावकाश, मग भरभर, मग नवऱ्याशी बोलतेस तसं. ओठ ‘म’साठी मिटत होते, आणि मिटलेल्या ओठांच्या आत तिची जीभ वर जाऊन टेकत होती. ‘ट’च्या जागी. हनुवटीखाली माझ्या बोटाला ती दर वेळी लागली. मग मी स्वतः म्हणून पाहिलं. माझीही टेकते! इतकी वर्षं फळ्यावर तो ट खोडून मुलांना सांगत आले की गेला, नाहीसा झाला. कानाने सांगितलं ते मी खरं धरलं, तोंडाला कधी विचारलंच नाही.

तेवढ्यात उसामी आत आले आणि काहीतरी बोलू लागले. माणूस सज्जन आहे, पण मिशी इतकी दाट की ओठ दिसेनात. मी दोनदा मान डोलावली. तिसऱ्यांदा ते थांबून उत्तराची वाट बघायला लागले. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “मला ऐकू येत नाही. लिहून द्या.”

जानेवारीत तुला लिहायला बसले तेव्हा याच वाक्यापायी कागद फाडले होते. बोलताना मात्र ते इतकं सहज आलं की मलाच हसू आलं. ते बिचारे कानापर्यंत लाल झाले. जीभ ‘ट’च्या जागी टेकते हे मी सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल काढून लिहिलं, ‘सगळे इंग्रज असं करतात का?’ मी म्हटलं, सगळ्यांचं मी कशी सांगू, पण पुष्कळदा करत असावेत. मग त्यांनी हनुवटीखाली बोट लावलं आणि पुटपुटत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा त्याच कागदावर खाली लिहिलं, ‘टेप मी ऐकतो. क्रियापदं बाईंची, तशीच राहतील.’ तो कागद कुरिहारासाहेबांनी माझ्यासमोर फायलीत लावला आणि मला लवून नमस्कार केला. मला फार बरं वाटलं, तोगाशी. स्टुडिओच्या जिन्यात मी रडले, सुमिएने सांगितलंच असेल.

आता काम. ‘लास्ट मंथमधला ट नाहीसा होतो’ हे वाक्य जिथे जिथे आलंय तिथून ‘नाहीसा होतो’ काढ. तिथे ‘आपल्या जागी असतो, पण ऐकू येत नाही’ असं घाल. उसामींचं ‘उत्तम’ आता लागू नाही, त्यांना कळव.

आणि प्रस्तावनेत, माझ्या नावाच्या वर, एक वाक्य वाढव. ‘या पुस्तकाच्या लेखिकेला ऐकू येत नाही.’ साहेब म्हणतील विक्री बसेल. बसू दे. तू भल्या मनाने ते मऊ करायला जाशील, ‘प्रकृतीच्या कारणाने’ वगैरे. एक शब्द बदलायचा नाही. प्रूफ मी स्वतः तपासणार आहे.

कुवाता मिसाओ